तातेराव काकांच्या कारची वायर

अप्पा,

नवा सेन्सर आणायला नांदेडच्या एसटीत बसू नका. तातेराव काकांच्या कारचा सेन्सर चांगला हाय, बिघाड त्याच्या वायरीत हाय. तुमी दूध घालायला गेला तेवढ्यात मी आधी बॅटरी सोडली, मग वायरीच्या दोन्ही टोकांचे प्लग काढून मीटर लावला. वायर सलग असली की मीटर वाजतो; ही हलवली की वाजायचा, सोडली की गप्प. चाचपत गेले तर काकांनी लिंबू-मिरची बांधलेली तार सापडली. ती त्यांनी ह्याच वायरीला आवळलीय, आतलं तांबं तुटलंय. म्हणून गाडी खड्ड्यात आदळली अन् बंद पडून राहिली.

गाडीला हात लावू नको, असं तुमी म्हणला होता, ठाऊक हाय. रागवायचं ते संध्याकाळी रागवा, आधी वायर जोडून बघा. तुटल्या जागी लाल चिंधी बांधलीय. लिंबू मात्र काकांनाच सोडू द्या, न्हाईतर उद्या पंक्चर झालं तरी आपलंच नाव घेतील.

मी शाळेत चालले. गाडी चालू झाल्यावर काका विचारतील, बिघाड कुणी शोधला? मागच्या वेळी तुमी नुसतं हसला होता. आज ‘आमच्या पोरीनं’ म्हणा. मी ऐकायला नसले तरी म्हणा.

रागिणी