गुळाचं पाणी

देवास, ४ नोव्हेंबर २०२४

ती. कमलआत्यास,
इरावतीचा शि. सा. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं माझं अर्धं हिंदी मराठी वाचून तू चिडतेस, म्हणून हे पत्र. आमच्या लॅबचा फ्रिज अजून बिघडलेलाच आहे, तेव्हा दिवाळीत तुझ्याकडे ठेवलेल्या बुरशीच्या बाटल्या तिथेच असू देत.

ही बुरशी आम्ही अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली. त्यातली बरीचशी मेली. वाचलेल्यांतली एखादी स्वभाव बदलून स्टार्च तोडणारं एन्झाइम जास्त देईल, एवढीच आशा. त्यांना ओला कोंडा पुरे. बाटल्या उघडू नकोस. यातून काही निघालं नाही तर कंपनी मला नारळ देणार, मग येतेच धारला कोचिंग क्लासात शिकवायला.

लोभ असावा, पण बाटल्यांवर नको.
इरावती

धार, १३ नोव्हेंबर

चि. इरावतीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

धारला आलीस तर आभाळ कोसळणार नाही. तुझी खोली झाडून ठेवली आहे. शेजारच्या उमाबाईंना सांगूनही टाकले की भाची येणार.

आता रागावू नकोस. दिव्याखाली होरपळून वाचलेली ती लेकरे, आणि त्यांना नुसता कोंडा? मला बघवेना. गूळ पाण्यात उकळून, गार करून, सोवळ्यात, देवापुढच्या निरांजनाशी बाटल्या उघडून चमचा चमचा घातला. काय गुबगुबीत झाली आहेत! उमाबाईंचा मुलगा देवासला निघाला आहे, त्याच्याबरोबर बाटल्या पाठवते आहे. डिंकाचे लाडू मात्र तुझे.

खाऊन पिऊन असावे.
कमलआत्या

देवास, ६ डिसेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले. गोड आयतं मिळालं की बुरशी एन्झाइम करणंच सोडते, म्हणून तर कोंडा होता! आमचे गणपतराव सर म्हणाले की तुमच्या आत्याने सगळ्यांना ऐतखाऊ करून ठेवलं.

तरी प्रत्येक बाटलीतला रस स्टार्चच्या प्लेटवर टाकून वर आयोडीन ओतलं. एन्झाइम असेल तिथे पांढरं कडं उरतं, नाहीतर सगळं निळं. सगळं निळंच होतं. एक सोडून! त्या बाटलीतली बुरशी पुन्हा गुळात वाढवून पाहिली, तरी पांढरं कडं उरलंच. लाड झाले तरी तिने काम सोडलं नाही. कारखान्याला अशीच हवी, साखर काढून उरलेल्या स्वस्त, गोड मळीवर वाढवता येते. कंपनीने मला कायम केलं. तुझ्या सोवळ्यामुळे, उकळलेल्या पाण्यामुळे आणि निरांजनाच्या ज्योतीमुळे एका बाटलीतही दुसरी बुरशी शिरली नाही, याचं सरांना फार नवल. लाडू त्यांनीच संपवले.

लोभ आता हवा तिथे असू दे.
इरावती

धार, १४ डिसेंबर

चि. इरावतीस अनेक आशीर्वाद.

कायम झालीस, देवापुढे साखर ठेवली. उमाबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितले. त्यांनी विचारले, मग धारला कधी येते? तू परत यावीस म्हणून मी रोज देवाला हात जोडत होते, आणि त्याच हातांनी गूळ घालून तुला तिकडे बसवले.

संक्रांतीला आणखी बाटल्या ठेवून जा. या वेळी कोणाबरोबर पाठवणार नाही, तुझ्या तू येऊन ने.

वाट पाहणारी,
कमलआत्या