झडपेची कडी

ता. ४ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

जुन्या नाट्यगृहाची दुरुस्ती जोरात आहे. छत झालं, खुर्च्या झाल्या. आजोबा खालच्या तळघरातून ज्या झडपेने नटांना रंगमंचावर सोडायचे, ती सापडली. वरून कडी लावलेली, गंजून घट्ट. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत खालून दोन ठोके येतात, म्हणून सुतार तिथे पाय ठेवत नाहीत. सोमवारी तळघर काँक्रीटने भरायचंय. कडी तशीच गाडू का?

तुझी लाडकी नात

ता. ७ मार्च

चि. इंजिनीअरबाईंना आशीर्वाद.

एवढी शिकलीस, तरी अक्षर कोंबडी नाचल्यासारखं. मी चौथीतून उठले, पण माझी ओळ बघ.

खालून दोन ठोके म्हणजे उघड. तीन म्हणजे बाहेर आलो, लाव. वर कडीपाशी मी असायचे. तुझ्या आजोबांना थट्टेची भारी खोड. उगाच ठोकायचे, मी झाडू टाकून धावले की खाली हसत बसायचे. त्या दुपारी माझं डोकं फिरलेलं. दोन ठोके आले. मी उघडायच्या ऐवजी कडी घट्ट लावली नि घरी जाऊन कपडे धुतले. संध्याकाळी त्यांना मागच्या जिन्याने उचलून आणलं. हृदय बंद पडलेलं. कुणाच्याच हातात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाला. त्याला कुठे ठोके ऐकू आले होते! चाळीस वर्षं झाली, तुझ्या बापालाही हे सांगितलं नाही.

भूतबीत मी मानत नाही. नळ वाजत असेल. तरी कडी गाडू नकोस. तोड, झडप तासभर उघडी ठेव. म्हातारीचं एवढं ऐक.

आजी

ता. १२ मार्च

ती. आजीस सा. न.

कडी तोडली. सुतार डबे घेऊन बाहेर पळाले, मी एकटीच बसले. तासभर काही नाही. उठणार, तोच तीन ठोके. खालून नाही गं, माझ्या शेजारच्या फळीवर. मी झडप लावली. काँक्रीट पडलं. माझं अंग अजून गार आहे.

तुझी नात

ता. १५ मार्च

चि. नातीस आशीर्वाद.

तीन झाले ना? मग काम चोख झालं. अंगावर शाल घे.

काल दुपारी कपडे वाळत घालत होते. दारावर दोन ठोके पडले. ओली चादर तिथेच टाकली नि उघडलं. कुणी नव्हतं. तरी बाजूला सरले. म्हटलं, चपला बाहेर काढा, फरशी आत्ताच पुसलीय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस. आणि पुढचं पत्र नीट अक्षरात लिही. आता मोठ्याने वाचून दाखवावं लागेल.

आजी