आप्पांच्या गाडीचे पाटे

आप्पा, त्या दिवशी सकाळपासून माय तिचं हिरवं लुगडं शोधत होती. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना सरत आलेला. वाकायची कामं तिनं माझ्याकडून काढून घेतली होती, म्हणून मी ओसरीवर भिंतीला टेकून तूर निवडत बसले होते. तिचं शेण काढून झालं, अंगण झाडून झालं, चुलीवर पाणी चढलं, आणि मधूनमधून ती आत जाऊन पुन्हा पेटी उघडून बघत होती. लुगडं जुनंच होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. माझ्या बाळाला गुंडाळायला म्हणून तिनं ते जपून ठेवलं होतं. चोरानं पितळेची भांडी सोडली न् माझं जुनेर नेलं, असं ती म्हणत होती. तुम्ही गाडीखाली निजला होता, नुसते पाय बाहेर. त्या पायांकडं बघून माय म्हणाली, "यांला काय विचारावं, हे पाय गाडीचेच हायेत." खालून तुमचा आवाज आला, सापडंल की. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही बाहेर आलात, कोपरापर्यंत काळे, आणि राखेनं हात चोळता चोळता मला विचारलं, "बाई, गाडीत बसलं की कंबर लई दुखती का गं?" मला हसू आलं. चारच दिवसांपूर्वी तुम्ही मला भोकरदनच्या स्टँडवरून घरी आणलं होतं आणि दारात उतरताना मी चार बायांसमोर म्हणाले होते, आप्पा, तुमच्या गाडीपरीस बैलगाडी बरी. सगळ्या हसल्या होत्या, तुम्हीही हसला होता. त्याचं तुम्ही काही मनावर घेतलं असेल असं मला वाटलंच नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान अर्धं. जालन्याच्या दवाखान्यात माझं बाळ मेलेलंच जन्मलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही व्हरांड्यात माझ्यासाठी दुधाचा तांब्या धरून उभे होतात आणि मी मायच्या, भावाच्या देखत तुम्हाला म्हणाले, "तुमच्या गाडीनं माझं लेकरू खाल्लं." तुम्ही तांब्या मायच्या हातात दिलात. मग म्हणालात, "हो बाई." एवढंच. परत येताना मी गाडीत बसायला नकार दिला. माय मला एसटीनं घेऊन निघाली. मी शेवटच्या बाकावर होते, आणि मागच्या काचेतून दिसत होतं, तुमची पांढरी अँबॅसेडर रिकामीच आमच्या मागून येते आहे, आमच्या फाट्यापर्यंत. एकदाही तुम्ही एसटीच्या पुढं गेला नाहीत. घरी आल्यावर ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केलीत ती कायमची. चतुर्थी आली की राजूरच्या गणपतीला जाणारे लोक भाड्यानं गाडी मागायला दारात येत आणि तुम्ही त्यांना गाडी बिघडली म्हणून सांगत. नंतर गुडघे साथ देईनात तोवर तुम्ही दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. तुम्ही जाईपर्यंत आपण सगळं बोललो, कपाशीचं, पावसाचं, माझ्या नवऱ्याच्या दम्याचं. गाडीचं मात्र कधीच नाही. ते एक वाक्य मी परत घ्यायला हवं होतं, ते घेतलं नाही.

भाऊ आता रिटायर झाला आहे. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, आता आप्पांची करतो म्हणाला. लोक म्हणाले भंगारात द्या, त्यानं ऐकलं नाही. मी दिवाळीला आले आणि राहूनच गेले. सासरी, मंठ्याला तरी आता माझी वाट कोण बघतंय? शेडमधून गाडी बाहेर ओढली तेव्हा तिच्या डिकीत कोंबड्या अंडी घालत होत्या. दारांचे खालचे पत्रे हातानं सोलून निघाले. मागच्या सीटखालचा पत्रा तर एवढा कुजला होता की तिथून जमीन दिसायची. भावानं सडका भाग कापला, नवा पत्रा मापानं कापून वेल्डिंग केला, पोचे आतून ठोकळा धरून हातोडीनं काढले, वरून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची लुकण, भरली. लांबी घासायचं काम माझ्याकडं. पाण्यात भिजवायचा पॉलिशपेपर घेऊन मी दिवसभर दारं घासते आणि मग डोळे मिटून तळवा फिरवते. भाऊ म्हणतो, अक्का, भाकरी थापणाऱ्या हाताला उंचवटा लगेच कळतो, एवढी सालं तू वर्कशॉपात पाहिजे होतीस. मी म्हणते, मंग भाकरी कोणी केल्या असत्या? असे दिवस बरे जात होते.

मग त्यानं मागचे पाटे खोलायला घेतले. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची एकावर एक चळत असते, गाडीचं सगळं वजन तिच्यावर झुलतं, त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात, हे मला आत्ता कळलं. जास्त माणसं बसवता यावीत म्हणून तुम्ही मागं दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला होता, म्हणून ती गाडी एवढी आदळायची, हेही भावानंच सांगितलं. गाडी ठोकळ्यांवर चढवली होती. तो खाली शिरला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "अक्का, हे बघ काय निघून राह्यलं." पाट्यांवर मातीचा जाड थर होता आणि त्याच्याखाली कापड. पट्ट्या फाडून, ग्रीसमध्ये भिजवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळीनं बांधत आणलेलं. असं केलं की पाट्यांत माती शिरत न्हाई, एकावर एक नीट सरकतात, गाडी नरम चालते, असं तो सांगत होता. जादा पाटा कुठंच नव्हता. त्यानं शेडच्या कोपऱ्यातून दोन गंजके पाटे शोधून आणले, लावून पाहिले, बराबर बसले. तुम्ही ते काढून टाकले होते. मी कापडाची एक पट्टी रॉकेलमध्ये बुचकळून चोळली. आधी नुसतं काळं पाणी निघालं. मग काठ दिसला, आणि काठाला लागून हिरवं.

भाऊ ते हातात घेऊन बसला. त्या वेळी तो शाळेत होता, पण मायची ती शोधाशोध त्यालाही आठवत होती. शेवटी म्हणाला, "आप्पांनी एवढं करूनबी गाडीनं दगा दिलाच." मी उठले. परत दार घासायला गेले.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं. मीही चौथीपर्यंतचीच. पुढचं सगळं नवरा गेल्यावर, लायब्ररीतून पुस्तकं आणून, बोट ठेवून ठेवून वाचत शिकले. त्यामुळं हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही, पण लिहिल्याशिवाय मला ते म्हणता येणार नाही. आप्पा, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसापासूनच पोटातलं हालत नव्हतं. माय चतुर्थीला राजूरला गेली होती, चंद्र बघून उपास सोडून मुक्कामालाच राहणार होती. तिचा उपास मोडायला नको, ती आल्यावर सांगू, असं म्हणत मी दिवस काढला. दुपारी तुम्ही विचारलंत, बाई, बरं हाय ना, आणि मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी माय आली तेव्हा मी कळा येऊन राह्यल्या एवढंच सांगितलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, हालचाल कधीपासून बंद आहे, तर मी म्हणाले, गाडीत बसल्यापासून. आणि त्या दिवशी गाडी नरम चालली होती. जालन्यापर्यंत खड्डे दिसत होते, लागत नव्हते. ते मला तेव्हाच कळलं होतं.

लुगडं सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भाऊ पाटे परत बसवायला घेणार त्याच्या आधी, मी त्याला हे सांगितलं. मग माझं एक जुनेर फाडून ग्रीसमध्ये भिजवलं आणि पाटे गुंडाळायला बसले.