बाबांचा चिमटा

शनिवार, ७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी खुशाल असाल, तुझ्या बसचे ब्रेक आणि तुझा रक्तदाब दोन्ही ताब्यात असतील, असं धरून चालते. पत्र टाइप केलेलं बघून "बाईसाहेब मोठ्या झाल्या" म्हणू नकोस. हाताने लिहायचा कंटाळा आला, एवढंच.

इकडे बरं आहे. थंडी फार. वहिनीला सांग, तिने विणलेले हातमोजे रोज घालते, खोलीत असतानासुद्धा.

एक विचारायचं होतं, सहज. बाबांचा कप बशीवर पहिल्यांदा कधी वाजायला लागला, आठवतं का तुला? त्या घड्याळाच्या भानगडीआधी, की नंतर? तेव्हा ते पंचेचाळीसचे असतील असं मला वाटतं. तू मोठा, तुला नक्की ठाऊक असेल. आईला मात्र विचारू नकोस.

माझ्या कामाचं तू नेहमी विचारतोस आणि मी "तुला नाही कळायचं" म्हणून टाळते. आज सांगते. नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा घ्यायचा. हवा पूर्ण काढून घेतलेल्या पिंपात ठेवून तो झगझगीत होईपर्यंत तापवायचा, म्हणजे वरचा मळ जातो. मग त्याच्यावर इंडियम नावाच्या धातूची वाफ सोडायची. थर बसतो तो फक्त एका अणूइतका जाड. त्याहून पातळ धातू नसतोच. त्या थरावर चार बारीक सुया टेकवायच्या. बाहेरच्या दोघी वीज सोडतात आणि मधल्या दोघी ती किती अडते ते सांगतात. गार करत नेलं की उणे दीडशे अंशांच्या आसपास हा थर वीज वाहून न्यायचं सोडतो. सगळ्यांचा सोडतो.

ऑक्टोबरात माझ्या तुकड्याने सोडलं नाही. मी आणखी गार केलं, तरी वीज आपली चाललीच. आमचे सर खुर्चीतून उठले. "अगं, हे कुणी पाहिलेलंच नाही!" म्हणाले. महिन्याभरात शोधनिबंध लिहून झाला, छापायलाही गेला. मला तुला फोन करायचा होता. केला नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई काम करते. सगळ्यांच्या चुका काढते म्हणून आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. तोंडाने तिखट, पण कामात सुईसारखी सरळ. सरांनी तिला तोच प्रयोग पुन्हा करायला सांगितला. तिने अकरा तुकडे केले. अकराच्या अकरा थंडीत गप्प झाले. सर म्हणाले, "तिचा हात चांगला नाही." सोमवारी दहाला बैठक आहे, तिला यंत्रावरून काढायचं ठरलं आहे. परवा कँटीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली.

"माझं चुकत असेल गं, पण कुठे ते कळत नाही. तू काय काय केलंस, एकदा पहिल्यापासून सांग ना."

मी सगळं सांगितलं. एक सोडून.

आमच्याकडे दारावरच पाटी आहे: सिलिकॉनला स्टीलचा चिमटा लावू नये. स्टीलमध्ये निकेल असतं. नुसत्या स्पर्शाने त्याचा अंश मागे राहतो आणि तापवलं की तुकडाभर पसरतो. नवशिकेसुद्धा ही चूक करत नाहीत. त्या दिवशी प्लॅस्टिकच्या चिमट्यातून तुकडा दोनदा निसटला. खणात बाबांचा घड्याळदुरुस्तीचा स्टीलचा चिमटा होता, दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी मला दिलेला. त्याने पटकन उचलला. थंडीत वीज चालली ती बहुधा माझ्या थरातून नाही, त्या निकेलच्या वाटेने. मी कुठे नोंद केली नाही. आता कुणी नुसतं "चिमटा" म्हटलं तरी दचकते. चोराच्या मनात चांदणं.

आणि प्लॅस्टिकचा चिमटा खराब नव्हता, दादा. माझा हात हलत होता. उजवा. उन्हाळ्यापासून हलतो आहे, आधी नुसता अंगठा, आता मनगटही. मी डॉक्टरकडे गेलेली नाही. चिमट्याचं सांगितलं तर सर विचारतील, तो का घेतला? मग माझ्या हाताकडे बघतील. अठरा वर्षांचं माझं सगळं काम या बोटांत आहे. मला फार भीती वाटते. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी हाताला विचारते, आज कसा आहेस?

बाबा हात खिशात घालून म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण हसायचो.

दुकानात आलेल्या त्या बाईंच्या छोट्या घड्याळाची केसासारखी स्प्रिंग तुटली, तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "पोराने हात लावला." तू पंधरा वर्षांचा होतास, तू दाराशी झाडत होतास. मी बाबांच्या शेजारी होते. त्यांचा हात हलला आणि स्प्रिंग तुटली, हे मी पाहिलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी चिमटे पुसत बसले. महिन्याभरात तू दुकान सोडलंस. बत्तीस वर्षं झाली, तू मला कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. तुला वाटलं असेल, हिने पाहिलं नसेल. मी पाहिलं होतं.

मास्तरीण परवा माझ्याकडे तश्शीच बघत होती.

पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सोमवार उलटून गेलेला असेल. म्हणूनच ते आज पेटीत टाकते, नाहीतर माझं काही खरं नाही. सोमवारी चिमटा टेबलावर ठेवणार आहे आणि हात त्याच्या शेजारी. तिच्यासमोर. पुढे काय होईल ते माहीत नाही. फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला तर सोमवारी मला उभं राहता येणार नाही. मंगळवारी कर.

हाताने लिहायच्या कंटाळ्याचं खोटं होतं. सही मात्र हाताने करते आहे. बाबांनी कुणाला दाखवलं नाही, मी आधी तुला दाखवते. वेलांट्या नीट बघ.

तुझी,
चिमटी