कोपऱ्यातली दाबलेली स्प्रिंग

रविवार, ४ तारीख

आले बाई एकदाची! गॅरेजच्या मागची खोली ठमीने माझ्यासाठी रिकामी केली, पांढरा रंग दिला, खिडकीला पडदासुद्धा लावला. ठमी म्हणजे माझ्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हा ही एवढीशी होती, आता एकटी गाड्या खोलते नि जोडते. लेकाकडे माझं वाईट चाललं होतं असं नाही, पण दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं, आणि सून मधूनच विचारणार, आई, काही हवंय का. तिचा चेहरा बघून नकोच म्हणायचं. इथे आल्याआल्या ठमीने माझ्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाली, गाडीखाली उजेड धर. काय बरं वाटलं सांगू! ही वहीही तिचीच. म्हणाली, आजी, तुझी बडबड ऐकून गिऱ्हाईक पळतील, यात लिहीत जा. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लिहीन की. वही ओच्यात खोचून ठेवलीय.

संध्याकाळी स्वयंपाकघर लावलं. बरण्यांची झाकणं, नळ, सगळं घट्ट केलं. माझा हात जन्मापासून तसा, सैल काही बघवत नाही. ठमी चहा करायला गेली तर साखरेची बरणी उघडेना. शेवटी शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली. त्याचाही चेहरा लाल झाला. म्हणाला, आजी, उद्यापासून चाकं आवळायला माझ्याकडेच या. हसून हसून पोट दुखलं.

मंगळवार, ६ तारीख

आज ठमीने माझी शाळा घेतली. एक गाडी आलीय, खड्ड्यात गेली की धाडकन आपटते. चाकामागे शॉकअप असतो म्हणे, त्याच्याभोवती ही बोटाएवढ्या जाड सळीची स्प्रिंग. ती मुळातच दबलेली असते, वरचा नट नुसता काढला तर उसळून डोकं फोडेल. म्हणून आधी स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावायचा, हवा भरायचा नव्हे. दोन लांब बोल्ट, त्यांना वरखाली आकडे. आकडे समोरासमोर बसवायचे, मग पान्याने थोडं इकडे, थोडं तिकडे. एकाच बाजूने पिळलं की स्प्रिंग वाकडी होते आणि आकडा निसटतो. नट झटक्यात फिरवणारी हवेची गन लावायची नाही. काम निघेल तेवढंच दाबायचं, जास्त नाही. आणि काही झालं तरी तोंड स्प्रिंगच्या टोकासमोर न्यायचं नाही. मी म्हटलं, तुझे आजोबा रागावले की मीसुद्धा अशीच कडेने जायची.

नवा कॉम्प्रेसर ती बघूनच घेणार. गाडीची स्प्रिंग किती जड, तेवढा भार पेलणारा हवा, आकड्यांना अडकवायला खीळ हवी, आटे झिजलेले नकोत.

जुना एक आहे, पण तो रिकामा नाही. कोपऱ्यात जाळीचा पिंजरा आहे, त्यात एक स्प्रिंग त्या जुन्या आकड्यांमध्ये दाबलेलीच पडलीय. आधीच्या मिस्त्रीची. नट गंजून बसलाय, उलटा फिरत नाही. कापायला गेलं तर उसळेल. भंगारवाला तर बघूनच हात जोडून गेला. म्हणून पिंजऱ्याला कुलूप, आणि किल्ली माझ्या दाराशेजारच्या खिळ्याला.

गुरुवार, ८ तारीख

टायरवाला चहाला बसला होता, त्याला त्या मिस्त्रीचं विचारलं. आधी कपातला चहा संपवला. मग म्हणाला, चांगला माणूस होता, ऐन दुपारी गेला. कपाळच राहिलं नव्हतं. स्प्रिंग लागली, सगळेच म्हणाले. पण गॅरेजात त्या दिवशी एकच स्प्रिंग होती, आणि ती तर आकड्यांत जशीच्या तशी दाबलेली. सुटलेली स्प्रिंग आपणहून परत दबते का, आजी, असं मलाच विचारायला लागला. ठमी ओरडली, माझ्या म्हातारीला घाबरवू नकोस, नाहीतर तुझ्या चहात ग्रीस घालीन.

दुपारी पडले होते. कट्ट असा आवाज आला. नळाचा असेल.

शनिवार, १० तारीख

पुन्हा कट्ट. जाऊन बघितलं. स्प्रिंगचे वेढे जवळ आल्यासारखे वाटले. मंगळवारी त्यांच्यात माझा अंगठा सहज जाईल एवढी फट होती. ठमी म्हणाली, आजी, चष्मा पूस. मग माझ्या समाधानाला तिने नटावरून आकड्यापर्यंत खडूची सरळ रेघ मारली.

रविवार, ११ तारीख

नटावरची रेघ फिरलीय. सुटण्याच्या बाजूला नाही, आवळण्याच्या बाजूला. ठमीचं हसू गेलं. कुणी हात लावला, म्हणून टायरवाल्याला विचारून आली. मलाही विचारलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हटलं.

नंतर हात धुताना पाणी काळं गेलं. नखांत ग्रीस. आज मी कशालाच हात लावला नव्हता. झोपून उठले होते, एवढंच.

सोमवार, १२ तारीख

सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, आजीला भ्रम झालाय, आणि मामाला फोन करेल. मग पुन्हा ती भिंत. इथे मला पाने ओळखता येतात आता. ठमी हात पुढे करते आणि मी बरोबर तोच देते. कोण मला असं—

दुपारी मनगट पदराने पलंगाला बांधलं. उठले तर गाठ सुटलेली. पदर नीट घडी घातलेला. हात काळे.

मंगळवार, १३ तारीख

नवा कॉम्प्रेसर आला! मजबूत, खीळबीळ सगळं. ठमी म्हणाली, आजी, उद्या हा त्या स्प्रिंगला बाहेरून लावते, सगळा भार याच्यावर घेते, मग जुना काढून हळूहळू सोडते. वर साखळीही बांधीन. उद्या सुटला आपला पाहुणा. मी देवाला हात जोडले. जोडताना बघितलं, काळे.

किल्ली घरामागच्या विहिरीत टाकली. कुलूप फोडता येईल ठमीला. मला नाही येणार.

बुधवार, १४ तारीख

ठमी टायरवाल्याकडे साखळी आणायला गेली. झोपायचंच नाही म्हणून मी उभीच राहिले. भांडी पुसत होते—

गॅरेजात आहे. पिंजऱ्यात. कुलूप लागलेलंच नाही, उघडं लटकतंय, त्यात किल्ली. ओली.

पाना उजव्या हातात आहे. नटावर. बोटं उघडत नाहीत. डाव्या हाताने लिहितेय, वही मांडीवर.

किती आवळलंय मी. वेढ्याला वेढा चिकटलाय. एकाच बाजूने पिळलंय. बोल्ट वाकलाय, आकडा अर्धा बाहेर आलाय. पाना दाबून धरलाय तेवढ्यावर आहे तो.

टोक दाराकडे आहे. माझ्याकडे नाही. मी वळवलं असेल तसं. दारातून जो येईल, त्याच्या—

हाक मारू का. येऊ नकोस म्हटलं तर ती धावतच येणार. लहानपणापासून तशीच. काही पडल्याचा आवाज झाला की आधी हजर.

माझं तोंड तरी मध्ये नेते म्हणून उठायला बघते. पाय उठत नाहीत.

हात अजून आवळायला बघतोय. माझाच हात.

साखळीचा आवाज. अंगणात आली. टायरवाल्याला काहीतरी म्हणतेय, हसतेय. माझंच काहीतरी सांगत असेल. बरणीचं.

आजी, म्हणून हाक मारली.

ठमे बाळा कडेने ये, समोरून नको, कडे—