लेकीच्या गावात लॉज

१० नोव्हेंबर, सोमवार

मोटारीनं जाणार नाही. सांगून टाकलं भूपेंद्रला. रेल्वेनं जाणार, आणि एकटी जाणार!

"आई, गाडी दारात उभी आहे. बहिणीच्या नव्या घराची वास्तू, सगळे सोबत जाऊ. रेल्वेचं काय खूळ काढलं?"

सून चारुलता म्हणते, "आईंना खिडकीतून बघायला आवडतं." आवडतं म्हणे! शिंदखेडा ते जळगाव बघायला काय ठेवलंय — कापूस न बाभळी.

मोटारीत संडास नसतो. कोणत्या तोंडानं सांगू पोराला?

इथं लिहिते. बोलणार कोणाशी? वर्ष होत आलं. खोकलं की थेंब, हसलं की थेंब. ते लुगड्यात लपतं. पण झोपेत गादी भिजते ती कशात लपवू? रोज नाही होत. कधी होणार ते कळत नाही — हेच वाईट. घर उठायच्या आत उठते न गोधडी धुते. परवा चारुलता म्हणाली, "आई, ही तर कालच धुतली होती!" म्हटलं, धूळ बसली. तिला कळलं असेल का? कळून गप्प असेल तर... जाऊ दे. झोपते.

११ नोव्हेंबर

नूतनचा फोन. अठ्ठावीसला शुक्रवारी वास्तू. जावयांनी जळगावात मेहरूणला तळ्याकडं घर बांधलं, पोरीचा आवाज नुसता नाचत होता.

"आई, पहिल्या रात्री घर मोकळं ठेवायचं नसतं. घरची न माहेरची माणसं तिथंच झोपतात. आपण बायका सगळ्या हॉलमध्ये. तू माझ्या न सासूबाईंच्या मध्ये. नव्या गाद्या आणल्यात!"

मध्ये! नव्या गाद्यांवर! विहीणबाईंच्या कुशीला!

शेवंताबाई म्हणजे कशी बाई — सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल, न मग त्यावर पाहुणा. ग्लास खाली ठेवला की ह्या फडकं घेऊन हजर. मी तोंडावर बोलले होते मागं, "विहीणबाई, पुसून पुसून फरशी झिजेल न!" सगळे हसले होते. त्या नव्हत्या हसल्या. आता त्यांच्या शेजारी मी निजू न सकाळी...

हो म्हटलं नूतनला. नाही म्हणायला तोंड उघडलं न हो निघालं.

१३ नोव्हेंबर

इथल्या दवाखान्यात जाणार नाही. नाव लिहायला बसते ती आमच्याच गल्लीतली पोरगी. संध्याकाळी दूध आणायला गेले की गावभर झालेलं असेल.

जळगावला स्टेशनजवळ एक बायकांची डॉक्टरीण आहे. नंबर मिळवला. मागच्या खोलीत जाऊन फोन केला. काय होतं विचारलं तर म्हटलं, पोटाचं. एकोणतीसला, शनिवारी सकाळी या म्हणाली.

म्हणजे शुक्रवारी वास्तू, शनिवारी डॉक्टरीण. मधली एक रात्र कुठं काढू?

हॉटेल.

लिहिताना पण हात थांबला. लेकीचं घर असलेल्या गावात हॉटेल! आमच्याकडं पाहुण्यांच्या गावात जाऊन कोणी लॉजवर उतरला तर समजायचं, त्या घराशी वाजलं. पुढं बारशालासुद्धा बोलवत नाहीत. आणि हे मी करणार.

१५ नोव्हेंबर

भूपेंद्रला म्हटलं, शेजारच्या बेबाबाईला जळगावला राहायचंय, हॉटेल दाखव मोबाईलवर. दाखवली. फोटोच फोटो. सगळीकडं पांढऱ्या चादरी! पांढऱ्याफटक! कोण शहाणा पांढरं घालतो झोपायला?

"बेबामावशीला कसं पाहिजे?" म्हणे.

म्हटलं, खालच्या मजल्यावर. स्टेशनजवळ. खोलीतच संडास. जिने चढायचे नाहीत.

"न बजेट?"

म्हटलं, बजेट तिचं ती बघेल, तू नंबर लिही. बटबटीत लिही.

१६ नोव्हेंबर

शेतात कापूस वेचायला बाया लावल्या होत्या. बांधावर बसून फोन केले.

पहिला. "संडास खोलीत आहे का?"

"आजी, खोलीत नाही तर काय चौकात असणार!"

"चादरी रंगीत मिळतील का?"

"हॅलो?"

"चादरी. गडद रंगाच्या."

"आजी, कापडाचं दुकान पाहिजे का तुम्हाला?" शेजारी कोणीतरी खिदळलं. ठेवला.

दुसरा बरा बोलत होता. मग म्हणे, सोबत पुरुष कोण? म्हटलं, कोणी नाही. "एकट्या लेडीजला आम्ही देत नाही."

अडुसष्ट वर्षांची बाई मी! "अरे, मी काय पळून चालले का कोणाबरोबर?" एवढ्यानं ओरडले की बायांनी माना वर केल्या. उठून बांध बदलला.

१८ नोव्हेंबर

झालं काम! स्टेशनच्या बाजूला जुना लॉज. मालक पारसमल शेठ, मारवाडी माणूस, आवाजावरून माझ्याच वयाचे. "आ जाओ मांजी. खालचीच खोली देतो. कमोड आहे. एकट्या असा की दुकट्या, आपल्याला काय." चादरीचं विचारायची हिंमत नाही झाली परत.

मग म्हणाले, "गाव कोणतं?" म्हटलं शिंदखेडा. "कोणाकडच्या?" सांगितलं. "जळगावात कोण आपलं?" न मी सांगत गेले — जावई अमुक, मेहरूणला घर बांधलं, शुक्रवारी वास्तू. गाव विचारलं की कूळ सांगायचं, जन्माची खोड. फोन ठेवल्यावर जीभ चावली. पण शेठ कुठं ओळखणार! जळगाव केवढं मोठं.

भूपेंद्र-चारुलता गाडीनं जेवायला येतील न संध्याकाळी परत, वेचणी चालू आहे. त्यांना सांगितलं, मी नूतनकडं राहते. नूतनला सांगणार, मी भूपेंद्रबरोबर परत जाते. कोण कोणाला विचारतंय. बसलं सगळं नीट.

२० नोव्हेंबर

बेबाबाई ओट्यावर येऊन बसली. "अक्का, भूपेंद्र माले इचारस, हॉटेल भेटनं का म्हने. माले जळगावमा हॉटेल काब्र पाहिजे वं? मना सख्खा भाऊ शे तठे!"

सख्खा भाऊ तिथं असताना तिला हॉटेल कशाला, खरंच होतं तिचं. मी म्हटलं, भूपेंद्रचा काहीतरी घोळ.

"घोळ त्याना नही, तुना शे," म्हणाली. बघत बसली माझ्याकडं. चहा ठेवायला म्हणून आत गेले न आतच राहिले. निघून गेली बिचारी.

२१ नोव्हेंबर

सगळं उघडं पडलं.

नव्या घराच्या दारा-खिडक्यांचं लाकूड पारसमल शेठच्या भावाकडून घेतलं होतं! शेठनी आपण होऊन जावयाला फोन केला — तुमच्या सासूबाई आमच्याकडं उतरणार, पैसे घ्यायचे नाहीत म्हणून सांगून ठेवलंय. कौतुकानं केला. जावयाला वाटलं, कोणी मस्करी करतंय.

मग नूतन. "आई, खरं आहे?"

"हो."

"का?"

काय सुचलं मला देव जाणे. म्हटलं, आपल्यात लेकीच्या घरी मुक्काम करत नाहीत.

"माझ्या बाळंतपणात दोन महिने कोणाच्या घरी होतीस?"

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"सासूबाई काही बोलल्या का तुला?"

नाही म्हटलं.

"मग घर आवडलं नाही? अजून बघितलंसुद्धा नाहीस तू!"

मी म्हटलं, उगाच पाल्हाळ लावू नको, एका रात्रीचा प्रश्न आहे. हे असं बोलले. पोरगी रडत होती न मी पाल्हाळ म्हटलं.

फोन तिनं ठेवला.

२२ नोव्हेंबर

भूपेंद्र जेवला नाही. "दाजींसमोर माझी मान खाली गेली," एवढंच बोलला.

सांगून टाकावं म्हणून त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. काय सांगू — तुझी आई अंथरूण भिजवते? परत आले. गोधडी धुतली.

२५ नोव्हेंबर

नूतनचा फोन नाही. मी पण नाही केला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. लॉजवर

सकाळपासून पाणी प्यायले नाही. गाडीत संडासाजवळची जागा धरली. एक पोरगी म्हणाली, "आजी, इकडं या, तिथं वास येतो." म्हटलं, मला सर्दी आहे. अमळनेरपर्यंत जीभ टाळूला चिकटली.

घर छान बांधलंय. फार छान. पायऱ्यांना पांढरी फरशी, मागं न्हाणीघर मोठं, देवघराला जाळीचं दार. सांगायला पाहिजे होतं नूतनला. तिनं आहेराची साडी घेतली, कपाळाला लावली आणि रंग न बघताच बाजूला ठेवली. रंग मी दोन दुकानं फिरून काढला होता.

शेवंताबाई पंगतीत वाढायला आल्या. चार बायकांत, गोड आवाजात, "अक्का, आमच्या घरात काही कमी-जास्त असेल तर सांगा हो. लॉजवाल्यांना विचारून तसं करून घेऊ."

झणझणीत बोलल्या. दुसरी वेळ असती तर मी पण उत्तर दिलं असतं, न वर हसले असते. आता हसायची पण सोय नाही. मान खाली घालून वरण-भात कालवला.

भूपेंद्र-चारुलता निघून गेले, माझ्याशी न बोलता. दिवेलागणीला हॉलमध्ये गाद्या पडायला लागल्या. नव्याकोऱ्या, प्लास्टिक फाडलं तेव्हा वास सुटला. मधली एक गादी नूतननं घातली, उशी ठेवली. माझ्याकडं बघितलं. एकदाच.

मी पिशवी उचलली.

"जा," म्हणाली. "हे रिक्षानं सोडून येतील."

जावई रिक्षात सोबत आले. उतरताना पाया पडले माझ्या! धरणी पोटात घेईल तर बरं.

खोली बरी आहे. चादर पांढरीच. घरून खताची रिकामी पिशवी उसवून आणली होती, ती चादरीखाली घातली. आता त्यावर बसून लिहितेय, कुरकुर वाजते.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ

कोरडी! अंथरूण कोरडं आहे!

हात फिरवून फिरवून बघितलं. काही नाही. थेंबभर पाण्याचापण डाग नाही.

म्हणजे तिथं झोपले असते तरी चाललं असतं. लेकीच्या शेजारी झोपले असते. ती गादी रात्रभर तशीच रिकामी पडली असेल.

एवढी लाज मला ओल्या अंथरुणाची नाही वाटली कधी.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळ. मेहरूण

सकाळी पिशवी भरत होते न दार वाजलं. नूतन. केस विंचरलेले नाहीत, कालचीच साडी. भांडायला आली होती, पदर खोचलेला.

"शेठना विचारून आले खोली कुठली. बोल आता. इथं कोणी नाही. माझ्या घरात काय घाण होती?"

मी चादर सारखी करायला गेले, तेवढ्यात तिनं ओढली. खाली पिशवी. युरियाची, मोठाली हिरवी अक्षरं.

"हे काय?"

मी बोलले. उभ्या उभ्या बोलले, भिंतीकडं बघून. एका दमात. वर्षभर जे लपवलं ते सांगायला चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

नूतन पलंगावर बसली. पिशवी कुरकुरली.

"मी रात्रभर सासूबाईंना सांगत होते की माझ्या आईला माझं घर परकं वाटतं," म्हणाली. "न त्या मला म्हणत होत्या, नाही गं, मीच दुखावलं असेल त्यांना कधी." मग म्हणाली, "आई, येडी आहेस तू." आयुष्यात कधी असं बोलली नव्हती. मी ऐकून घेतलं.

डॉक्टरणीकडं सोबत आली. आत पण आली. मी नको म्हटलं तर म्हणे, "गप बस." डॉक्टरीण तपासून म्हणाली, "पुष्कळ बायकांना होतं. पाणी कमी पिऊ नका, त्यानं वाढतं. सगळ्या उशिराच येता तुम्ही." व्यायाम सांगितला, गोळी दिली. लगेच थांबणार नाही, धीर धरा म्हणाली. धीर! माझ्यात धीर कुठून आणू?

पारसमल शेठनी पैसे घेतले नाहीत. "लडकी आली न घ्यायला? बस, झालं." सगळं कळल्यासारखे बोलले. काहीच कळलं नसणार.

रिक्षात नूतनला शपथ घातली, विहीणबाईंना सांगायचं नाही. जावयांना पण नाही. भूपेंद्रला मी सांगेन, माझ्या वेळेनं. बरं म्हणाली. दुकानात उतरून मेणकापड घेतलं, दुकानदाराला म्हणाली टेबलावर घालायचंय. माझीच पोरगी!

शेवंताबाईंनी दार उघडलं. "या," म्हणाल्या. दुसरं काही नाही. मी सोफ्यावर टॉवेल आहे तिथंच बसले, नीट, कडेला.

आज हॉलमध्ये झोपायचं. मधल्या गादीवर. मेणकापड चादरीखाली लपवलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

पहाटे भिजलं.

उठून बसले. अंधारात नूतनला हाक मारली. हळू मारली होती — उठल्या विहीणबाई. दिवा नाही लावला त्यांनी. म्हणाल्या, "अक्का, तुम्ही उशी धरा. मी चादर ओढते."