पुलाचे चार खांब, अहवालावर पाच सह्या

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादांस,
मिरचीचा सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचं कळलं. जिना कमी चढा आणि वहिनींशी भांडायचंच तर बसून भांडा.

आमच्या विकास मंडळाचं नाव पुन्हा बदललं. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा ते मंडळ होतं, मी लागले तेव्हा प्राधिकरण, आणि सोमवारपासून अभियान. एवढ्या वर्षांत विकास झाला तो पाटी रंगवणाऱ्याचा! मागास भागात वर्षभर राहिल्याशिवाय आराखड्याला हात लावायचा नाही, हा तुमचा दंडक. आता कुठल्याशा अहवालाच्या शिफारशीवरून आमचं इथलं कार्यालयच महिनाअखेर बंद, कारभार राजधानीतून. नदीवरच्या पुलाचे नुसते चार खांब उभे आहेत. परवा पलीकडच्या वस्तीतली बाळंतपणात अडलेली बाई होडीतून आणली, थोडक्यात वाचली. साहेबांना विचारलं, उरलेल्या पुलाचं काय? म्हणाले, नव्या तक्त्यात अर्धवट कामांना रकानाच नाही.

लोभ आहेच, तो माझ्या रागासकट चालू ठेवावा.
मिरची

ता. ११ फेब्रुवारी

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता चहा गार झाला, डोकं मात्र तापलं. कार्यालयं बंद करायची अक्कल कोणी पाजळली? त्याच नदीकाठी पत्र्याच्या खोलीत वर्ष काढून मी पुराच्या खुणा दगडांवर कोरल्या, म्हणून तुला खांबांची जागा कळली. शिफारस करणाऱ्या त्या शहाण्याचं नाव शोधून कळव, वर्तमानपत्रात त्याची सालं काढतो. वहिनी म्हणते, आधी गोळी घ्या.

तब्येतीला जप, माया आहेच.
दादा

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

नाव शोधलं. अहवालाच्या शेवटच्या पानावर पाच सह्या आहेत. तिसरी तुमची.

निवृत्तीनंतर तुम्ही हा अहवाल देणाऱ्या सल्लागार समितीवर होतात. काम संपलेल्या भागातली कार्यालयं पुढच्या मागास भागात हलवावीत, असं तुमचं टिपण फायलीत आहे. छापील प्रतीत नुसतं 'बंद करावीत' आहे. दादा, तुम्ही ती वाचलीत तरी का? सालं काढायचं ते पत्र मी तुमच्या वर्तमानपत्राला पाठवू की तुम्हीच पाठवता?

राग मानू नका, असं मी या वेळी म्हणणार नाही.
मिरची

ता. २३ फेब्रुवारी

चि. मिरचीस,
आशीर्वाद.

वहिनीने तुझं पत्र मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा, तेवढ्याच मोठ्याने.

नाही वाचली ती प्रत. भागात राहून आलेल्याचा कागद तपासायचा नाही, खाली सही करायची, ही आमच्या मंडळातली रीत. अहवाल लिहिणारे समितीचे अध्यक्ष आयुष्यात एक दिवसही कुठल्या भागात राहिले नव्हते. ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी सवयीने सही केली.

सही मागे घेत असल्याचं पत्र मंत्रालयाला आणि वर्तमानपत्राला गेलं. तेवढ्याने पूल होणार नाही, कळतं मला. गुरुवारी येतोय. मला पलीकडच्या वस्तीत घेऊन चल. त्या बाईच्या घरच्यांना कोणाची सही होती ते माझ्या तोंडून कळू दे. तू मध्ये बोलायचं नाहीस.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा राहू दे.
दादा